घोड्याची पारख : भोंवरा कीं पाऊल ?

अजिंठ्याचा घाट उतरून खानदेशांत जाणाऱ्या जुन्या वाटेवर, घाटाच्या पायथ्याशीं, आमचें फर्दापूर वसलेलें आहे. लेणीं पाहावयास येणाऱ्यांचा थांबा ही त्याची आजची ओळख. परंतु गांवांतील मोंगल अमदानीची सराई पाहिली म्हणजे या गांवाचें घोड्याशीं किती जुनें नातें आहे, हें ध्यानांत येतें. बऱ्हाणपूर व तेव्हांचें औरंगाबाद यांमधील रहदारी या वाटेनें चाले, आणि त्या रहदारींत घोड्याचा वांटा मोठा असे. सराईंत रात्र काढून सकाळीं घाट चढूं पाहणाऱ्या स्वारानें आपल्या घोड्याची कोणती गोष्ट प्रथम पाहिली असेल ? कपाळावरचा भोंवरा खचित पाहिला नसेल. त्यानें पाय उचलून खूर पाहिले असतील, नाल घट्ट बसला आहे कीं नाहीं हें तपासलें असेल, आणि खोगिरानें पाठ सोलवटली तर नाहीं ना, म्हणून हात फिरविला असेल. ज्याला घोड्यावर बसून कोठें तरी पोंचावयाचें असतें, त्याची पारख अशीच असते. आम्हांस या लेखांत सांगावयाचें आहे तें इतकेंच कीं, ही पारख आपण विसरत चाललों आहों, आणि त्या विसराची किंमत घोडी पाळणाऱ्या शेतकऱ्यास मोजावी लागत आहे.

शेतीच्या मासिकांत घोड्याचा विचार कशाला, असें कोणी वाचक विचारील. आपल्याकडे औताला बैल आहे, टांगे गेले, स्वारीची जागा मोटारसायकलनें घेतली, हें खरेंच. तथापि घरीं एखादी घोडी राखून तिचें शिंगरूं मार्गशीर्षांतील बाजारांत विकणारे शेतकरी खानदेशांत व मराठवाड्यांत आजही आहेत. नंदुरबार जिल्ह्यांत, शहादा तालुक्यांत, तापीच्या कांठीं सारंगखेडें येथें दत्तजयंतीच्या यात्रेंत भरणारा घोड्यांचा बाजार, आणि नांदेड जिल्ह्यांत, लोहा तालुक्यांत, माळेगांव येथील खंडोबाची यात्रा, हीं दोन ठिकाणें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. राजस्थान, गुजरात, पंजाब येथून व्यापारी तेथें जनावरें घेऊन येतात. आजवर या बाजारांचें मुख्य गिऱ्हाईक म्हणजे हौशी माणूस आणि वरातीसाठीं घोडा ठेवणारा माणूस. पण पुणें-मुंबई व इतर मोठ्या शहरांभोंवतीं घोडेस्वारी शिकविणाऱ्या शाळा निघाल्या आहेत, आणि स्वारीच्या खेळांकरितां घोडा शोधणारें नवें गिऱ्हाईक उत्पन्न झालें आहे. या गिऱ्हाइकाची दृष्टि निराळी आहे. ती समजून घेणें हें विकणाऱ्याच्या हिताचें आहे.

आमच्या परिचयाच्या एका शेतकऱ्याची हकीकत येथें सांगणें उचित होईल. त्यानें कपाशीचे आलेले पैसे आणि एका बैलजोडीची किंमत एकत्र करून बाजारांतून अडीच वर्षांची एक घोडी घेतली. घोडी देखणी होती. चारी पाय पांढरे, कपाळावर पट्टा, गळ्याखालीं देवमण. विकणाऱ्यानें तिला ढोलाच्या तालावर नाचवून दाखविली. दोन महिन्यांनीं एका स्वारीच्या शाळेचे लोक तिला पाहावयास आले. त्यांनीं देवमणाकडे पाहिलें सुद्धां नाहीं. त्यांनीं तिला कठीण जमिनीवर दुडकीनें चालवून पाहिली, तोंड उघडून जिभेकडे पाहिलें, पुढच्या पायांवरून हात फिरविला, आणि चहा पिऊन निघून गेले. कारण विचारतां त्यांनीं सांगितलें कीं, पुढचा डावा पाय आंत वळलेला आहे, त्याच्या मागील शिरेस सूज आहे, आणि जिभेवर काटेरी लगामाचे वण आहेत ; या घोडीवर मूल बसवितां येणार नाहीं. बैलजोडी गेली ती गेलीच, आणि घोडी दावणीला राहिली. दोष त्या शेतकऱ्याचा एकट्याचा नव्हे. बाजारानें त्यास जें पाहावयास शिकविलें, तेंच त्यानें पाहिलें.

बाजारांत काय पाहतात ? प्रथम रंग. गुलाबी कातडीचा शुभ्र नुकरा असेल तर त्यास सर्वांत अधिक मान. त्याखालोखाल पंचकल्याणी, म्हणजे चारी पाय व तोंड पांढरें असलेला. मग भोंवरे, गळ्याखालचा देवमण धन्यास भाग्य आणितो, डोळ्यांखालचा आंसूढाळ रडवितो, अशी समजूत. मग कान, मारवाडी व काठेवाडी जातींचे कान आंत वळून टोंकाशीं जुळतात, ते किती जुळतात यावर भाव चढतो. मग उंची, तीही इंचांत मोजून. शेवटीं नाच. घोडा मागील पायांवर उभा राहतो, खाटेवर चढतो, तालावर पाय आपटतो, आणि बघ्यांची गर्दी होते. या यादींत घोडा चालतो कसा, हा प्रश्न कोठेंच येत नाहीं.

जुन्या समजुतींची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. शालिहोत्राच्या नांवानें चालत आलेल्या अश्वशास्त्रांत भोंवऱ्यांचा विचार आहेच. पण त्याच शास्त्रांत घोड्याचें वय, दांत, आहार, रोग व उपचार यांचाही विचार आहे. आपण एक अध्याय पाठ केला आणि बाकीचे सोडून दिले. बैलाच्या बाबतींत आपण असें करीत नाहीं. बैल घेतांनाही गोम व भोंवरा पाहणारे पुष्कळ आहेत ; परंतु दांत मोजल्याशिवाय, चालवून पाहिल्याशिवाय आणि जमल्यास औताला जुंपल्याशिवाय पैसे मोजणारा शेतकरी आम्हीं तरी पाहिला नाहीं. कारण उद्यां सकाळीं त्या बैलाकडून काम घ्यावयाचें असतें. शिवकालांतील व पेशवाईंतील शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. घोडा लंगडला तर त्याची रोजी बुडे. त्याची पारख पोटाशीं बांधलेली होती.

आतां स्वारीच्या खेळांचें गिऱ्हाईक काय पाहतें, तें क्रमानें सांगतों. हे खेळ अनेक आहेत. ड्रेसाज या खेळांत घोडा स्वाराच्या अगदीं बारीक इशाऱ्यावर निरनिराळ्या चाली चालतो. उडीच्या खेळांत तो आडवे दांडे ओलांडतो. इव्हेंटिंगमध्यें हे दोन्ही खेळ आणि शिवाय रानांतील दौड एकत्र येते. एन्ड्युरन्स या लांब पल्ल्याच्या दौडींत एका दिवसांत १६० किलोमीटरपर्यंत अंतर कापावयाचें असतें. भाल्यानें जमिनींतील मेख उपटण्याचा खेळ तर आपल्याकडील जुनाच आहे. प्रत्येक खेळास थोडा निराळा घोडा लागतो. तरी पाया एकच आहे.

हा पाया म्हणजे पाय. समोरून पाहतां पुढचे दोन्ही पाय छातीपासून खुरापर्यंत सरळ उतरले पाहिजेत. मागून पाहतां मागील पायांचेंही तसेंच. गुडघा आंत किंवा बाहेर वळलेला असेल, तर प्रत्येक पावलाचा भार सांध्याच्या एकाच अंगावर पडतो, आणि काम वाढलें कीं तें अंग प्रथम निकामी होतें. गुडघ्याखालची नळी आंखूड व रुंद असावी, तिच्या मागील शीर तारेसारखी ताठ व स्वच्छ हातास लागावी. खुरांची जोडी सारख्या आकाराची असावी. एक खूर अरुंद व उभा आणि दुसरा पसरट असेल, तर तो घोडा एका पायावर भार टाळतो असें समजावें. खांदा मागें तिरपा असला म्हणजे पाऊल लांब पडतें व स्वारास हिसका कमी बसतो. खांदा उभा असला म्हणजे पाऊल तोकडें पडतें व पुढच्या पायांवर मार बसतो. पाठ फार लांब नसावी, कंबर भरलेली असावी, कारण उडी मागील पायांच्या व कंबरेच्या जोरावर घेतली जाते.

उभा घोडा पाहून झाला म्हणजे चालता घोडा पाहावा. लगाम ढिला सोडून त्यास सावकाश चालवावें. मागील खूर पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्याच्याही पुढें पडला, तर चाल मोकळी आहे असें जाणावें. मागें राहिला, तर पाठ किंवा मागील सांधे आंखडलेले असण्याचा संभव आहे. मग कठीण, सपाट जमिनीवर सरळ रेषेंत दुडकीनें पळवावें. लंगड ओळखण्याची खूण अशी, कीं पुढचा दुखरा पाय जमिनीस टेकतांना घोडा डोकें वर उचलतो व निरोगी पाय टेकतांना खालीं टाकतो. त्यानंतर दोरीवर दोन्ही बाजूंनीं वर्तुळांत फिरवावें. सरळ रेषेंत लपलेली व्यथा वळणावर उघडी पडते. घोडा ठाणावरून थंड बाहेर काढलेला असतांनाच पाहावा. अगोदर फिरवून गरम केलेल्या घोड्याचें लंगड दिसेनासें होतें. वेदनाशामक सुई टोंचूनही तें कांहीं तास लपवितां येतें, म्हणून मोठा सौदा करणारे लोक पशुवैद्याकडून रक्ताचा नमुना घेववितात व सांध्यांच्या क्ष-किरण तसबिरी काढवितात.

वय दांतांवरून पाहावें. मधले दुधाचे दांत सुमारें अडीच वर्षांनीं, त्यांच्या शेजारचे साडेतीन वर्षांनीं व कडेचे साडेचार वर्षांनीं बदलतात ; पांचव्या वर्षीं तोंड पुरें होतें. हें वय पाहण्याचें कारण नुसता भाव नव्हे. पुढच्या पायाच्या गुडघ्यावरील हाडाची वाढ दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास पुरी होते, आणि पाठीच्या मणक्यांची तर पांच वर्षांच्या आसपास. दीड-दोन वर्षांच्या शिंगरावर माणूस बसवून बाजारांत दौडविणें किंवा त्यास मागील पायांवर नाचविणें, म्हणजे कोंवळ्या उंसाचा गूळ करूं पाहण्यासारखें आहे. खेळाचें गिऱ्हाईक अशा शिंगराच्या पायांवर हात फिरवितें आणि पुढें जातें.

यानंतर स्वभाव. नवख्या पाहणाऱ्यास फुरफुरणारा, डोळे वटारणारा घोडा तेजस्वी वाटतो. जाणत्या गिऱ्हाइकास तो भ्यालेला दिसतो. त्यास असा घोडा पाहिजे कीं, जो खोगीर चढवितांना स्थिर उभा राहील, खूर उचलूं देईल, टेम्पोंत चढेल, अनोळखी जागीं एकदां दचकला तरी पुन्हा शांत होईल. विशेषतः मुलांना शिकविणाऱ्या शाळेस याहून मोठा गुण दुसरा नाहीं. हा गुण कांहीं रक्तांतून येतो व कांहीं हाताळणीतून. म्हणूनच काटेरी लगामाचा आम्ही इतका तिरस्कार करितों. त्यानें घोडा मान वळवून नाचतो खरा, पण जीभ फाटते, आणि लगाम म्हणजे वेदना हें तो जन्मभर विसरत नाहीं. असा काटेरी लगाम वापरणें केंद्र सरकारच्या १९६५ च्या नियमांनीं निषिद्ध आहे, हेंही वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां पैदाशीच्या हिशेबाकडे वळूं. कारण खरें नुकसान तेथें आहे. समजा, एका गांवांतील घोड्यांना वीस शिंगरें झालीं. त्यांत बाजारास पाहिजे तो रंग व ते भोंवरे असलेलीं दोनच निघालीं. पुढील पिढीकरितां आपण तीं दोनच राखिलीं, तर उरलेल्या अठरांतील सरळ पायाचें, शांत डोळ्याचें, मोकळ्या चालीचें शिंगरूं गाडीवाल्याकडे गेलें. जीं दोन राखिलीं त्यांचे पाय जसे असतील तसे पत्करले. दोन पिढ्या असें केलें म्हणजे रंग जमतो व पाय बिघडतात. रंग हा थोड्याशा जनुकांवर ठरतो, आणि कातडीवरचें जनुक सांध्याविषयीं कांहींच सांगत नाहीं. उलट नुकऱ्याच्या गुलाबी कातडीस आपल्या उन्हाचा त्रास होतो, तो निराळाच. ज्या शेतकऱ्यानें बियाण्याकरितां कणीस निवडलें आहे त्यास हें समजावयास वेळ लागूं नये. कणसाचा रंग पाहून बीं धरणारा आणि दाणे न पाहणारा शेतकरी दोन हंगामांत पस्तावतो.

कोणी म्हणेल, हें सारें युरोपांतील श्रीमंतांचें शास्त्र आहे ; आपणांस काय त्याचें ? येथें एक गोष्ट आमच्या वाचकांनीं जरूर ऐकावी. जर्मनींतील हॅनोव्हर प्रांताची स्वारीच्या घोड्याची जात आज जगांत नांवाजलेली आहे. तिचा पाया सेले या गांवीं १७३५ सालीं घातला गेला. हॅनोव्हरचा अधिपति व इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज यानें तेथें वळूंची पागा स्थापन केली, ती प्रांतांतील शेतकऱ्यांच्या घोड्यांना निवडक वळू मिळावे म्हणून. घोड्या शेतकऱ्यांच्याच होत्या. एकाच्या दारीं एक, दुसऱ्याच्या दारीं दोन. हे घोडे नांगर ओढीत, गाडी ओढीत व पलटणींत जात. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर आले आणि घोड्याचें काम सुटलें. तेव्हां तेथील शेतकऱ्यांच्या पैदास संघानें धंदा सोडला नाहीं. त्यानें घोड्याचा हेतु बदलला. १९४९ पासून व्हेर्डन या गांवीं स्वारीच्या घोड्यांचे लिलाव सुरूं झाले. वळूस पैदाशीची परवानगी द्यावयाची तर त्याची ठेवण पाहावयाची, चाल पाहावयाची, मोकळी उडी पाहावयाची, आणि स्वारीखालीं परीक्षा घ्यावयाची, असा तेथील प्रघात आहे. घोडींचीही परीक्षा होते व गुण लिहून ठेवितात. म्हणजे ज्या घोड्यांवर आज मोठाल्या स्पर्धा जिंकतात, त्यांची पैदास लहान शेतकऱ्यांनीं वही लिहून, एकमेकांच्या विचारानें केलेली आहे.

आपले स्वार कमी नाहींत. फवाद मिर्झा यांनीं २०१८ च्या जाकार्ता येथील आशियाई स्पर्धांत इव्हेंटिंगमध्यें रौप्यपदक मिळविलें. २०२३ मध्यें हांगझौ येथें झालेल्या आशियाई स्पर्धांत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, मुंबईचे हृदय छेडा व अनुष अगरवाला या चौघांनीं ड्रेसाजचें सांघिक सुवर्णपदक जिंकलें. घोडेस्वारींत १९८२ नंतर ४१ वर्षांनीं भारतास मिळालेलें तें सुवर्ण होतें. परंतु या सर्वांच्या मांडीखालचे घोडे युरोपांतील पैदाशीचे होते. आपल्या देशांत घोड्याची परंपरा नाहीं म्हणून असें झालें काय ? परंपरा आहे, परीक्षा नाहीं.

आपल्या दख्खनची परंपरा तर अजून जिवंत आहे. भीमेच्या खोऱ्यांतील भीमथडीचें तट्टू ही देशांतील घोड्यांची आठवी नोंदणीकृत जात म्हणून कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें मान्य केली आहे. पुणें, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या भागांत मेंढपाळ धनगर बांधव मुलूख फिरतांना संसार याच तट्टांच्या पाठीवर वाहतात. उंची सुमारें १३० सेंटिमीटर. बाजारांतील इंचांच्या चढाओढींत त्याचा निभाव लागणार नाहीं. पण पहा, त्याची पारख कोणी केली ? भोंवऱ्यानें नव्हे. जें तट्टू वाटेवर लंगडलें, जें ओझें पाहून बिथरलें, जें उन्हाळ्यांतील चाऱ्यावर टिकलें नाहीं, त्याची अवलाद तांड्यांत राहिली नाहीं. खूर कठीण, पोट थोडक्यांत भागणारें, आणि लहान मुलें अंगाखांद्यावर खेळलीं तरी न बुजणारें असें जनावर त्यांतून उरलें. मोठ्या माणसाच्या उडीच्या खेळास तें पुरें पडणार नाहीं, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. परंतु मुलांची स्वारीची शाळा, डोंगरवाटेची दौड व थंड हवेच्या ठिकाणचा प्रवासी यांस याहून योग्य तट्टू परमुलुखांतून आणण्याची गरज आम्हांस दिसत नाहीं. मात्र उंची वाढविण्याच्या नादानें सरसकट संकर करून ही जात नासवूं नये. संकर करणाऱ्यानें तो निराळा लिहून ठेवावा व शुद्ध घोड्या शुद्ध राखाव्या.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप वजनदार आहे, व तो टाळून चालणार नाहीं. पैदासकार म्हणेल, “बाजारांत पैसे रंगाला मिळतात, पायाला नाहीं. आम्ही पोट भरूं कीं शास्त्र पाळूं ?” हें खोटें नाहीं. शुभ्र घोड्यास वरातवाला चांगले पैसे देतो, आणि वर्तमानपत्रांत कोटींच्या किंमती छापून येतात. पण छापून येते ती बहुधा सांगितलेली किंमत असते, उतरलेला सौदा नव्हे. आणि मुख्य गोष्ट ही कीं, एका घोडीच्या धन्यास दर खेपेस नुकरें शिंगरूं होणार नाहीं. बहुतेक वेळां साधें तांबडें, काळपट किंवा करड्या रंगाचें होईल. त्या साध्या शिंगराचें काय करावयाचें ? वरातवाल्यास तें नको. त्याला किंमत येईल ती कामाचीच. सरळ पाय व शांत स्वभाव असेल तर स्वारीची शाळा तें घेईल, नसेल तर खाण्याचा खर्चही निघणार नाहीं. रंग लाभला तर तो वरचा नफा समजावा ; पोट पायांवर भरावें. आणि पाय चांगले असलेला शुभ्र घोडा वरातींतही अधिक वर्षें चालतो, हें वरातवाल्यासही पटण्यासारखें आहे.

घरच्या घरीं काय करितां येईल ? प्रथम घोडीकडे पाहावें. नामांकित वळूची फी भरून लंगडी घोडी नेणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. शिंगराचें निम्में रक्त घोडीचें असतें, आणि अकरा महिने पोटांत व पुढें कित्येक महिने दुधावर तीच त्यास वाढविते. शिंगरूं आंखूड दोरीनें बांधून ठेवूं नये. मोकळ्या रानांत धावण्यानेंच हाडें भरतात. नुसत्या कोंड्यावर व हरभऱ्यावर घोडें पोसूं नये. कोंड्यांत स्फुरद फार व चुना थोडा असतो. तो अति झाला म्हणजे शरीर हाडांतील चुना ओढून घेतें, हाडें ठिसूळ होतात व तोंडाची हाडें फुगतात. लसूणघासानें ही उणीव भरून निघते. दर सहा ते आठ आठवड्यांनीं खूर साळून घ्यावे. तीन वर्षें पुरी होईतों पाठीवर कोणास बसवूं नये, आणि त्यानंतरही वर्षभर हलकेंच काम द्यावें. रोज हात फिरविणें, खूर उचलणें, दोरीवर शांतपणें चालविणें, यास पैसा लागत नाहीं, आणि गिऱ्हाईक पाहतें तें हेंच. बाजारांतून घोडें आणितांना ग्लँडर्स या रोगाची तपासणी झाल्याचा दाखला मागावा. हा रोग माणसासही होतो, त्यावर लस नाहीं, आणि रोगी ठरलेलें जनावर कायद्याप्रमाणें मारावें लागतें. दाखला न पाहतां घोडें घेणारा घरच्या इतर घोड्यांसही धोक्यांत घालितो.

परंतु एकट्यादुकट्याच्या शहाणपणानें बाजार बदलत नाहीं. म्हणून यात्रा भरविणाऱ्या मंडळींस आमची विनंती आहे. सौंदर्याचें व नाचाचें बक्षीस ज्यांस ठेवावयाचें असेल त्यांनीं ठेवावें. पण त्याच्या शेजारीं चालीचें बक्षीस ठेवावें. पन्नास पावलांची एक कठीण, सपाट वाट आंखून पशुवैद्यासमोर प्रत्येक घोडा चालवावा व गुण फळ्यावर लिहावे. चार वर्षांवरील घोड्यांकरितां एक लांब पल्ल्याची दौड ठेवावी, आणि तींत पहिला आला तो नव्हे, तर निरोगी आला तो जिंकला, असा नियम करावा. जगांतील अशा दौडींत नाडीचे ठोके मिनिटास ६४ वर उतरल्याशिवाय घोड्यास पुढें जाऊं देत नाहींत, तोच नियम येथें लावावा. तीन वर्षांखालील जनावर रिंगणांत नाचवूं देऊं नये, आणि काटेरी लगाम वेशीवरच उतरवावा.

आणि आपल्या संघानें एक वही घालावी. तींत प्रत्येक घोडीचें वय, उंची, तिला दाखविलेला वळू, शिंगराचा जन्मदिवस, त्याच्या कातडीखालीं बसविलेल्या चिपेचा पंधरा आंकडी क्रमांक, त्याची चाल, त्यास झालेला आजार, आणि तें कोणत्या कामास गेलें, हें लिहावें. लंगडें निघालें तर तेंही लिहावें. लाजून लपवूं नये. दहा वर्षांनीं त्या वहीवरून कोणत्या घोडीचीं शिंगरें टिकलीं हें दिसेल. मग बाहेरगांवचें गिऱ्हाईक आमच्या तोंडाच्या शब्दावर नव्हे, तर त्या वहीवर विसंबून येईल. हॅनोव्हरच्या शेतकऱ्यापाशीं याहून फार निराळें असें कांहीं साधन नव्हतें.

अडीच वर्षांच्या घोडीची जी हकीकत वर सांगितली, तिचा शेवट सांगावयाचा राहिला. त्या शेतकऱ्यानें तिला विकली नाहीं. नाचविणें बंद केलें, काटेरी लगाम काढून टाकिला, पाय सुधारेपर्यंत रानांत मोकळी सोडली. ती स्वारीच्या खेळास उपयोगी पडणार नाहीं, व पैदाशीसही वांकड्या पायामुळें लावूं नये, असें पशुवैद्यानें सांगितलें, आणि त्यानें तें ऐकिलें. या सल्ल्यानें त्याचें नुकसान झालें, परंतु तो वांकडा पाय आणखी चार जणांच्या दारीं गेला नाहीं. येत्या दत्तजयंतीस तो पुन्हा बाजारास जाणार आहे. त्या वेळीं गळ्याखालीं पाहण्यापूर्वीं तो खालीं बसून पाय पाहील, एवढी खातरी आम्ही देतों. आमच्या वाचकांपैकीं जे कोणी बाजारास जातील त्यांनींही तसेंच करावें, एवढीच विनंती करून हा लेख पुरा करितों.